पोटातल्या बाळाची बाजू

गौरवग्रंथात ‘शी’ हा शब्द नको, असे संपादक मंडळाने मला आडून आडून सुचवले. तो मी ठेवणार आहे. डॉ. सुमेधा नगराळे यांची आणि माझी ओळखच एका बाळाच्या शीवरून झाली. यवतमाळच्या रुग्णालयात मी तेव्हा प्रसूती कक्षात परिचारिका होते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे भरलेले फडके मी बादलीत टाकणार, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘सिस्टर, थांबा! ते फेकू नका.’’ नव्या बालरोगतज्ज्ञ बाई हातात डबी घेऊन उभ्या होत्या. बाईंचे डोके ठिकाणावर नाही, असे मला वाटले.

कापसाची ती वाईट वर्षे होती. बोंडअळी हटत नव्हती आणि दुकानदार दर खेपेला फवारणीचे आणखी जहाल औषध हातात ठेवत होता. पंप पुरुषांच्या पाठीवर असे, पण ड्रममध्ये पाणी ओतणे आणि औषध कालवणे हे काम बायांचे. त्यांत पोटुशी बाईही असे. बाळाची पहिली काळी शी जन्माआधीच महिनोन्‌महिने त्याच्या आतड्यात साचत असते. आईच्या अंगात गेलेल्या विषाचा अंश त्या शीत सापडतो, हे मॅडमनी आम्हाला समजावले. तो अंश मोजून दाखवायचा आणि पोटुशी बाईला औषधाला हात लावू न देता तेवढ्याच मजुरीचे दुसरे काम द्यावे, असा आदेश जिल्ह्याकडून काढून घ्यायचा, हा त्यांचा हट्ट होता. ‘शीवाल्या मॅडम’ म्हणून त्यांना हसणारे डॉक्टर आमच्याकडे कमी नव्हते. त्यांतल्या काहींचे लेख याच ग्रंथात आहेत.

पहिल्या हंगामात बहुतेक बाळांच्या शीत विष निघाले. जिल्ह्याची बैठक ठरली. त्याच आठवड्यात घाटंजीकडच्या एका बाळंतिणीचे बाळ उचलताना मॅडम थबकल्या. त्यांनी त्याला गुंडाळलेले कापड नाकाशी नेले आणि ते कुठले, असे विचारले. आजी कौतुकाने म्हणाली, ‘‘याच्या आज्याचं धोतर हाय जी. धुऊन धुऊन कसं मऊ झालं पाहा! फवाऱ्याले हेच नेसून जात होते.’’

आमच्याकडे बाळाला पहिले काही दिवस नवे कापड लावत नाहीत. घरातले वापरलेले, मऊ झालेले कापडच हवे. आणि शी आम्ही त्याच कापडांवरून खरवडून घेत होतो! मग सापडलेले विष बाळाच्या पोटातले की धोतरातले, हे कोण सांगणार?

‘आता बोलू नका, बैठक होऊन जाऊ द्या,’ असा सल्ला एका ज्येष्ठ डॉक्टरांनी दिला. मॅडम बैठकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘माझे नमुने बिघडले आहेत. ते मी रद्द करते.’’ जिल्ह्याच्या साहेबांचा चेहरा खुलला. ‘‘म्हणजे बाळं ठणठणीत आहेत तर!’’

‘‘साहेब, विषाच्या कपड्यांत बाळं गुंडाळली जाताहेत, असं मी सांगतेय. यात तुम्हाला आनंदाचं काय दिसलं?’’

साहेबांनी खाली बघून चहा संपवला. त्या चहाचा मला आजही संताप येतो.

मॅडमनी पहिल्यापासून सुरुवात केली. नवे कापड आज्या लावू देईनात. त्यांच्याशी मॅडम भांडल्या नाहीत. त्यांनी आपल्या आईची जुनी सुती लुगडी फाडून आणली. आधी त्या लुगड्यांचे तुकडे प्रयोगशाळेत तपासून घेतले. ती स्वच्छ निघाली, तेव्हाच बाळांना लावली. घरी जाताना लुगड्याचा तुकडा बाळाबरोबर जाई. पुढे त्या आई वारल्या तेव्हा आठवण म्हणून ठेवायला मॅडमकडे एकही लुगडे उरले नव्हते. हे मी इथे लिहिलेले त्यांना आवडणार नाही.

दुसऱ्या हंगामातही विष निघाले. आधीपेक्षा कमी, पण निघाले. आता दोष द्यायला धोतर नव्हते.

निकाल आधी आईला, मग साहेबांना, हा मॅडमचा नियम. बाभुळगावजवळ शेवंता नावाच्या बाळंतिणीच्या अंगणात मी त्यांच्याबरोबर होते. तिची तान्ही लेक मांडीवर झोपली होती. सगळे ऐकून शेवंता म्हणाली, ‘‘म्हंजे पोटात असतानीच मी तिले जहर पाजलं काय, मॅडम?’’

मॅडमनी तिचा हात धरला. ‘‘तू नाई पाजलं वं माय. तुले त्या ड्रमापाशी ज्याईनं उभं केलं, त्याईनं पाजलं.’’

साहेबांनी निकाल वाचून ‘आणखी अभ्यास व्हावा’ असा शेरा मारला. त्यांच्या जागी आलेल्यांनीही तोच मारला. हा अभ्यास कोणाच्या पोटावर व्हायचा, हे लिहिण्याची लाज मात्र सर्वांना वाटली असावी. आदेश आजही निघालेला नाही. शेवंताची तीच लेक यंदा बाळंतपणाला माहेरी आली आहे. सातव्या महिन्यापर्यंत ती सासरी ड्रमपाशीच औषध कालवत होती.

मॅडम, पंच्याहत्तरी पूर्ण करताना तुम्हाला निरोगी आणि उदंड आयुष्य मिळो, असे आम्ही सगळ्या परिचारिका मनापासून मागतो. शांत आयुष्य मागत नाही, ते तुम्हाला मानवणारही नाही. सत्काराला जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. ते तुमच्या खांद्यावर शाल घालतील. शाल घ्या, आणि माइक हातात आला की शेवंताच्या लेकीबद्दल सांगून त्यांना विचारा, आदेश कधी काढता? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. त्या दिवशी आम्हीही सभागृहात उभ्याच राहणार आहोत.