धुऱ्यावरची बकरी

फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या बसस्टँडवर होते. लेकीला, केतकीला, होस्टेलवर सोडून मूर्तिजापूरकडे निघाले होते. "हे गेले वं..." जाऊबाई एवढंच म्हणाल्या. खोटं कशाला लिहू? माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता भाऊजींची बकरी कोण बांधणार, आणि कुठे.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, निवृत्त शाळामास्तर. त्यांचं वावर आणि आमचं वावर यांच्यामध्ये फक्त एक धुरा, मातीचा बांध. अलीकडे आमची तूर, पलीकडे त्यांचं गवत आणि गवतात खुंट्याला बांधलेली बकरी. दरवर्षी आमची कडेची तूर ओरबाडलेली दिसायची. विचारलं की म्हणायचे, "रोही असन." आता रोही, एवढी मोठी नीलगाय, असं कमानीसारखं गोलाईत खाते का? पण तोंडावर कोण बोलणार!

केतकी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसली तेव्हा गणितं सोडवायला त्यांच्याच ओसरीवर जायची. पुस्तकातल्या गणितांवरही त्यांचा भरवसा नसे. एका कुरणात इतक्या गाई इतके दिवस चरतात, असं तिनं वाचलं की लगेच अडवायचे. "थांब वं पोरी. गवत मधात वाढते का नाही, हे काहून नाही लिहिलं? काहीतरी लपवून राहिले हे लोक."

एका संध्याकाळी तिला आणायला गेले, तर बाहेरूनच ऐकू आलं. "खुटा धुऱ्यापासून बारा फुटांवर. दोर पंधरा फूट. बकरी तुह्या मायच्या तुरीत किती शिरन?"

मी जागीच थांबले. हा माणूस माझ्याच पोरीकडून माझ्या वावराची मोजणी करून घेतोय... केतकी म्हणाली, "मोठेबाबा, दोरच कमी करा ना." ते मोठ्यानं हसले. मी तिला हाताला धरून घरी आणलं आणि तिचं जाणं बंद केलं.

"पोरगी काहून येत नाही?" त्यांनी धुऱ्यावरून विचारलं.

"वाटेत रोही असन," मी म्हटलं.

त्या वर्षी तूर शाबूत राहिली. पुढेही राहिली. हा आपल्या नजरेचा धाक, असं मी धरून चालले.

तेरवीनंतर जाऊबाईंसोबत बकरी सोडायला गेले. खुंटा जुन्याच जागी होता. दोर हातात घेतला तर मधोमध एक जाड गाठ, चांगला तीन-चार हात दोर गुंडाळून मारलेली.

"ही कधीची?"

"लय सालाची हाय. सोडू नका म्हनत."

दोर तिथे झिजला असेल म्हणून गाठ मारली असेल, असं वाटून मी ती नखानं उकलून पाहिली. आतला दोर धड होता, नवा असावा तसा. मी गाठ परत आवळली.

आता बकरी जाऊबाई बांधतात. कितीही मान ताणली तरी तिचं तोंड तुरीपासून वीतभर अलीकडेच राहतं. मी रोज जाऊन पाहते. आधी तूर पाहायचे. आता आधी गाठ पाहते, कुणी सोडली तर नाही ना...