यांचा आवाज गेला ते वर्ष

"जीभ बाहेर काढा," नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टरांनी यांना सांगितलं. यांनी काढली. डॉक्टर टॉर्च धरून बराच वेळ बघत राहिले. जिभेच्या कडेला बारीक थरथर होती, कातडीखाली मुंग्या फिराव्यात तशी. टॉर्च बंद करून ते माझ्याकडे वळले.

"मोटर न्यूरॉन डिसीज आहे. एक गोळी देतो. तिनं आजार थोडा सावकाश होतो, पण थांबत नाही."

"आणि बरा?"

"बरा होत नाही, ताई."

मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा या आजारात एकेक करून मरतात. कुणाचा हात आधी जातो, कुणाचा पाय. यांची सुरुवात जीभ आणि घशापासून झाली होती, त्याला बल्बर म्हणतात. समज मात्र जात नाही. तुमच्या घरच्या माणसाला हा आजार झाला असेल तर एवढं ध्यानात ठेवा, त्याला सगळं कळत असतं. त्याच्यासमोर हळू आवाजात बोलून काही उपयोग नाही.

तो आगमनकाळाचा पहिला आठवडा होता. नाताळच्या आधीचे चार रविवार आम्ही ख्रिस्ती लोक वाट पाहण्याचे मानतो. आता आपण कशाची वाट पाहायची, हे परतीच्या गाडीत मला कळेना.

हे गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेत शिक्षक होते. दर रविवारी मोटरसायकलनं आम्ही गोंदियाला चर्चला जायचो आणि शास्त्रपाठ हेच वाचायचे. मोठा, स्वच्छ आवाज होता. घरी झाडीबोलीत बोलणारा माणूस वेदीशी उभा राहिला की वेगळाच वाटायचा.

कापणीच्या सणाला पहिल्यांदा बिघडलं. लोकांनी नव्या धानाच्या टोपल्या वेदीसमोर मांडल्या होत्या. हे वाचत होते आणि शब्द एकमेकांना चिकटायला लागले. मागच्या बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "आज मास्तर पिऊन आले वाटते." यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. मी मान खाली घातली. तेव्हा तरी ती लाजच सगळ्यात मोठी वाटली होती.

त्यानंतर तपासण्या सुरू झाल्या. डोक्याचा एमआरआय झाला, त्यात काही निघालं नाही. ईएमजी म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातली वीज मोजतात. हनुवटीखाली सुई गेली तेव्हा यांनी माझा हात गच्च धरला. वेटिंग रूममध्ये बसलेला प्रत्येक माणूस दुसऱ्याला विचारत होता, तुमचं काय निघालं. आमचं अजून काहीच निघालं नव्हतं.

नाताळात गाणी म्हणत घरोघरी फिरणाऱ्या मंडळींसोबत हे गेले, पण नुसता कंदील धरून उभे राहिले. त्या दिवसांत वाचतात तो जखऱ्याचा भाग पाळकांनी वाचला. म्हातारा याजक मंदिरातून मुका होऊन बाहेर येतो आणि मुलगा जन्मल्यावर त्याची वाचा परत येते. घरी आल्यावर हे मोठ्या कष्टानं म्हणाले, "त्याले... मुदत... होती." तीन शब्दांतच त्यांना घाम फुटला होता. त्यानंतर ते मोबाइलवर लिहून दाखवू लागले.

माझ्या नणंदेनं दुसऱ्या जिल्ह्यातून एक प्रार्थना करणारा माणूस आणला. त्यानं यांच्या डोक्यावर हात ठेवला, मोठमोठ्यानं ओरडला आणि म्हणाला, "आता बोलो, हालेलूया!" यांनी प्रयत्न केला. तोंडातून नुसती लाळ आली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बहनजी, घर में विश्वास कम है." मी त्याला दार दाखवलं. त्याच्या मागं नणंद रडत गेली. मी रागानं दाराला कडी घातली, तर यांनी लिहिलं, "त्याच्यावर रागावू नोको. त्याले बी भेव वाटून राहिला."

मग उपवासकाळ आला. चर्चमधले लोक चाळीस दिवस मटण-मासे सोडतात. यांचा भात सुटला. एक शीत घशात अडकलं आणि ओठ निळे पडले. आमच्याकडं तीन वेळा भात शिजतो, दारासमोरच्या शेतात धानाच्या बांध्या, आणि या माणसाला ताटातल्या भाताची भीती वाटायला लागली. मी पण त्यांच्यासमोर जेवणं सोडलं. मोरीत उभी राहून चार घास खायचे.

वजन फार उतरल्यावर पोटातून नळी बसवली. तिला पेग म्हणतात. लहानशी शस्त्रक्रिया असते, घाबरू नका. खरं तर आम्ही ती आधीच करायला हवी होती, असं डॉक्टर म्हणाले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात वचनांवर सात जण बोलतात. पाचवं वचन तहानेचं. आमच्या चर्चमध्ये ते वर्षानुवर्षं हेच बोलायचे. या वर्षी एका तरुण मुलीनं ते केलं आणि चांगलं केलं. हे पहिल्या बाकावर बसून ऐकत होते. निघण्यापूर्वी मी नळीतून पाणी घातलं होतं, तरी तोंड कोरडं पडलेलं होतं. त्यांनी मोबाइल पुढं केला, "मी एवढी वर्षं बोलत होतो. मले काही मालूम नोहतं."

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या पहाटे आम्ही मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातो. तिथं पाळक म्हणतात, प्रभू उठला आहे, आणि सगळे एका आवाजात उत्तर देतात. मी उत्तर दिलं नाही. यांना देता येत नव्हतं. आम्ही दोघं सासऱ्यांच्या कबरीपाशी उभे होतो आणि हे बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. मी त्यांना खांद्याला धरून दुसरीकडे वळवलं.

पुढं श्वास कमी पडू लागला. आधी बायपॅप आलं, तोंडावर मास्क लावून हवा ढकलणारं मशीन. मग डॉक्टरांनी विचारलं, "गळ्याला छिद्र करून व्हेंटिलेटर लावायचा का? वर्ष-दोन वर्षं मिळतील. हलता येणार नाही." मी हो म्हणणार होते. यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, "नोको."

"माझ्यासाठी तरी," मी म्हटलं.

त्यांनी खूप वेळ घेतला. बोटंही आता साथ देत नव्हती. "तुह्यासाठीच नोको."

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याशी अबोला धरला. नंतर डॉक्टरांना नाही म्हणून कळवलं.

ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीचा पेंटेकॉस्टचा सण झाला की चर्चच्या वर्षात बरेच महिने मोठा सण नसतो. शेतात धानाची रोपं लावायची रोवणी चालली होती. दुपारी मी त्यांना कुशीवर वळवलं, आणि दुसऱ्या कुशीवर वळवायला आले तेव्हा ते गेलेले होते.

चर्चमध्ये सगळे म्हणाले, सुटले. मला तसं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

मागच्या महिन्यात चोरखमारा गावाकडचा एक शेतकरी पत्ता विचारत घरी आला. त्याच्या बायकोला हाच आजार झाला होता. हॉस्पिटलातल्या सिस्टरनं त्याला माझ्याकडे पाठवलं होतं.

"मावशी, यातून मानूस बरा होते का?"

"नाई होत," मी म्हटलं. नागपूरच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तितकंच सरळ.

तो भिंतीवरच्या क्रूसाकडे बघत राहिला. "तुमचा देव त बिमार मानसायले बरा करे म्हनतात."

"यायले नाई केलं. काऊन, ते मले मालूम नाई."

"मंग अजून कायले चर्चात जाऊन राहिल्या?"

"विचाराले," मी म्हटलं. "दुसऱ्या कोनाले विचारू?"

त्यानं दाराकडे बोट दाखवलं. त्याची बायको बाहेर ऑटोत बसली होती. डॉक्टरांनी नळीचं सांगितलंय, पण सकाळपासून तिच्या पोटात काही नाही, असं तो म्हणाला. मी तिला आत आणून ताठ बसवलं, घट्ट पेज केली आणि त्याला शेजारी उभं करून दाखवलं. अर्धाच चमचा द्यायचा, हनुवटी छातीकडे झुकवायची, मग गिळायला सांगायचं. घाई करायची नाही.

ती बाई माझ्याकडे बघत होती. तिनं गिळलं. आम्ही तिघंही ठसक्याची वाट बघत थांबलो. तो आला नाही, तेव्हा मी चमचा त्याच्या हातात दिला.