खंडेनवमीला बंद केलेला डबा

वारंगा फाट्यावर सगळ्यात भित्रा माणूस कोण, असं विचारलं तर शेंबडं पोरही देविदास फोटोवाल्याचं नाव सांगेल. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच्या स्टुडिओला लागून, तेव्हा त्याचा भित्रेपणा मी अगदी जवळून पाहिलाय. गिऱ्हाईक जरा चढ्या आवाजात बोललं की हा खुर्चीतून उठून उभाच राहायचा. नव्वदच्या सुमारास तांड्यावरून कॅमेरा गळ्यात अडकवून तो इथं आला, तेव्हा रोल वाया जाईल म्हणून भ्यायचा. पुढे डिजिटल आलं, रोल गेले, भीती काही गेली नाही. आता सगळं एका बटणात पुसलं जाईल, असं त्याला वाटायचं.

त्या भीतीपोटीच त्याने नांदेडहून एक जुना डबा आणला. आत दोन हार्डडिस्क, दोन्हींत तेच सामान, म्हणजे एक मेली तरी दुसरी असावी. दुकानातला आणि मागे घरातला, दोन्ही कॉम्प्युटर वायरीने डब्याला जोडलेले. पंचक्रोशीतली लग्नं त्यात भरून ठेवलेली. तेव्हा भारनियमनाने जीव नकोसा केला होता. देविदासने इन्व्हर्टर घेतला, पण घरातला पंखा त्यावर लावू दिला नाही. घरची माणसं घामाने निथळायची आणि डबा मात्र आरामात चालायचा. आणला तेव्हापासून तो कधी बंद झाला नव्हता.

२००९च्या खंडेनवमीला देविदासने तो स्वतःच्या हाताने बंद केला. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती आणि पूजा, हे त्याच्या घरी पाळतात. बायको जमनाबाईने कॅमेरे, स्टँड, दिवे पुसून पाटावर मांडले आणि म्हणाली, त्या डब्यानेच काय घोडं मारलंय, त्यालाही एक दिवस सुट्टी द्या. डब्याला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं. दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं, तर केशरी दिवा मिणमिणला, आतून घुं असा आवाज आला आणि सगळं गप्प झालं.

देविदासच्या पायाखालची जमीन सरकली. पुढच्या सोमवारी कळमनुरीच्या कोर्टात रुपाची तारीख होती.

रुपा त्याच्याच तांड्यावरची. तिच्या लग्नाचं शूटिंग देविदासनेच केलेलं. लेकरू झाल्यावर तिचा नवरा पुनमचंद नांदेडला दुसरीसोबत राहू लागला, आणि रुपाने पोटगी मागितली तर म्हणाला, हिच्याशी माझं लग्न झालंच नाही. अल्बम आणि सीडी सासरी होत्या, त्यांचं काय झालं ते सांगायला नको. जेवणावळीला अख्खा तांडा होता, पण साक्षीला एकही माणूस तयार नव्हता, कारण पुनमचंदचा काका हिरासिंग. फाट्यावरच्या निम्म्या जीपगाड्या त्याच्या, आणि उरलेल्या त्याला विचारून चालायच्या. रुपाचं लग्न झालं होतं हे दाखवणारा आता एकटा तो डबा उरला होता. देविदास तिच्या वकिलाला ते कोर्टात दाखवायला हो म्हणून बसला होता. हा माणूस हो कसा म्हणाला, याचं मला आजही नवल वाटतं.

रुपा रोज लेकराला कडेवर घेऊन यायची, पायरीवर टेकायची. चालू झालं का भाऊ, एवढंच विचारायची. देविदास तिच्याकडे न बघताच मान हलवायचा.

नांदेडच्या मेकॅनिकने फोनवर सांगितलं, घेऊन या, फॉरमॅट मारून देतो. म्हणजे आतलं सगळं पुसून! ते ऐकून देविदासने फोनच ठेवून दिला. डब्याच्या मागे सुईने दाबायचं एक बारीक बटण होतं. ते दाबून धरलं तर सगळं कोरं होतं, असं विकणाऱ्याने बजावलेलं. देविदासने त्यावर चिकटपट्टी लावून टाकली. मग वायर बदलली, प्लग बदलला, झेंडूची पाकळी आत गेली की काय म्हणून उघडून पाहिलं. दर वेळी तेच, केशरी दिवा, घुं, आणि गप्प.

शुक्रवारी हिरासिंग दुकानात आला. मी तिथंच होतो. त्याने खुर्ची ओढून घेतली आणि चहा मागवला.

"मशीन बंद पडलं म्हने तुमचं," तो म्हणाला. देविदासने मान हलवली.

"जुनं सामान हाये, पडलं तं पडलं. त्याच्या मागं काहून लागून राहिले?"

त्याचा आवाज अजिबात चढला नाही. चहा संपवून त्याने जमनाबाईकडे पोरीच्या शाळेची चौकशी केली. पोरगी कोणत्या जीपने जाते, हे त्याला आधीच ठाऊक होतं, ते त्याने बोलूनही दाखवलं.

तो गेल्यावर जमनाबाई रडायला लागली. देवानेच बंद केलंय तर बंदच राहू द्या, म्हणाली. मलाही ते पटलं. यात खोटं बोलायचीही गरज नव्हती, डबा खरोखर बंद होता आणि वकिलाला तेवढंच सांगायचं होतं. आतापर्यंत डबा चालू होत नाही म्हणून भिणारा देविदास त्या दिवसापासून तो चालू होईल म्हणून भिऊ लागला.

तरी शनिवारी दुपारी त्याने मला आत बोलावलं आणि पुन्हा बटण दाबलं. "अमृतराव, कान लावा. हे कशावानी वाजून राहिलं?"

मी कान लावला. व्होल्टेज कमी असलं की विहिरीवरची मोटार नुसती घुमते, उचलत नाही, तसा तो आवाज होता. आमच्याकडे तो लेकरांनाही ओळखू येतो. अशा वेळी शेजाऱ्याला हाक मारून त्याची मोटार बंद करायला लावतात, मग आपली उचलते. एकदा चालू झालेली मोटार कमी विजेवरही रेटते, खरी अडचण असते ती सुरू होताना. डब्याला वीज पुरवणारा अडॅप्टर म्हातारा झाला होता. चालत्या डिस्कना तो पुरत होता, पण थांबलेल्या दोन्ही डिस्क एकदम फिरवायला त्याच्यात दम उरला नव्हता. म्हणून ती एका दिवसाची सुट्टी नडली.

म्हणजे एक डिस्क काढून बघायची. पण डब्याला दुसरी दिसली नाही आणि तो बिथरून सगळंच पुसून बसला तर? देविदासने मला दार लावायला सांगितलं. रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला आणि त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. मला वाटलं, आता हा उठणार. त्याने तो उचलला, एक डिस्क बाहेर ओढली, डोळे मिटून बटण दाबलं. घुं झालं, ते लांबलं, मग आवाज चढत गेला आणि दिवा हिरवा झाला.

"चालू झालं," देविदास म्हणाला, कुणाच्या मरणाची खबर सांगावी तसा. पडद्यावर रुपा आणि पुनमचंद फेरे घेत होते.

सोमवारी कोर्टात ते सगळ्यांनी पाहिलं. पुनमचंदचा वकील म्हणाला, हल्ली कॉम्प्युटरवर काहीही जोडता येतं. मग त्याचं लक्ष देविदासकडे गेलं. साक्षीच्या पिंजऱ्यात तो कठडा धरून उभा होता, तरी हात लटपटत होते.

"एवढे का थरथरताय?" वकिलाने विचारलं. "खोटी साक्ष देताय म्हणून?"

"न्हाई साहेब. भेव वाटून राहिलं," देविदास म्हणाला. "हिरासिंगकाका मागं बसलेत ना. मशीनच्या मागं लागू नका, असं दुकानात येऊन सांगून गेले. माही पोरगी कोनत्या जीपनं शाळंत जाती, ते बी बोलून गेले."

न्यायाधीशांनी मान वर केली आणि विचारलं, कोण हिरासिंग? देविदासने वळून बोट दाखवलं. बोट इतकं हलत होतं की ते धरायला त्याने दुसरा हात लावला. निकाल दिवाळीनंतर रुपाच्या बाजूने लागला, पण त्या बोटासमोरून हिरासिंग खाली मान घालून बाहेर गेला, तेव्हाच निकाल आम्हाला कळला होता.