ज्योत्स्ना ओट्यापाशी काय पुटपुटायची

ज्योत्स्नाचा राग म्हणजे तापत ठेवलेलं दूध. वर येईपर्यंत कळत नाही, आणि आलं की गॅस बंद करायला हात पोचत नाही. एरवी बाई लाखात एक. बुऱ्हाणपुरातल्या त्यांच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत कुणाकडे आजारपण असो की बाप्तिस्मा, पहिली हजर तीच. पण सकाळी नऊ वाजता लेक मृणाल हिंदीचं पुस्तक उघडून समोर बसली, की हीच बाई ओळखू यायची नाही.

मृणाल नऊ वर्षांची. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागेवर थांबतच नसत. शाळेत तिला मागच्या बाकावर बसवायचे, पोरं खदाखदा हसायची, आणि रोज सकाळी दप्तर पाठीला लावलं की पोरीला उलटी व्हायची. दोन वर्षांपूर्वी ज्योत्स्नाने शाळेतून तिचं नाव काढलं आणि म्हणाली, मीच शिकवते घरी. नवरा जीवन पॉवरलूमवर मेकॅनिक. तो म्हणाला, "जमत असेल तर शिकव बुवा." शेजारच्या शोभाकाकू मात्र अजून चिडवतात, "काय वो मास्तरीणबाई, आज शाळेला सुट्टी का?"

गणित मजेत चालायचं. केळ्यांची फणी पुढ्यात घ्यायची, वाटे करायचे, उरलेलं खाऊन टाकायचं. वाचन आलं की घोडं अडायचं. कालचा शब्द आज परका. तीच ओळ पाचव्यांदा चुकली की ज्योत्स्नाची कानशिलं ठणकायची. पोरीवर हात उचलणार नाही, असा शब्द तिने प्रभूला दिलेला. म्हणून ती ताडकन उठायची, स्वयंपाकघरात जाऊन ओटा दोन्ही हातांनी घट्ट धरायची, डोळे मिटायची आणि पुटपुटायची. प्रभू, मला सांभाळ, माझं तोंड आवर. दोन मिनिटांत श्वास ठिकाणावर यायचा. ही युक्ती तिने मंडळीतल्या बायकांनाही सांगितली होती, आणि जरा तोऱ्यातच सांगितली होती.

पण यंदाच्या उन्हाळ्यात मृणाल मिटत चालली. पुस्तक उघडलं की तोंड बंद. ज्योत्स्नाच्या मनाने घेतलं, की आपल्या रागानेच पोर वाया चाललीय, आपण कसल्या मास्तरीण! तिने एका शाळेचा फॉर्म आणून भरलासुद्धा. सोमवारी नेऊन द्यायचा होता. शाळेचं ऐकून मृणालने ताट सरकवलं, पण नको असं काही म्हणाली नाही.

शुक्रवारी पुन्हा तेच. ओळ अडली, ज्योत्स्ना उठली, ओट्यापाशी जाऊन डोळे मिटले. मागे पावलं वाजली. दारात मृणाल उभी होती.

"मम्मी, आज नको ना सांगू. आज मी पाचच वेळा चुकली."

"काय नको सांगू? कुणाला?"

"येशूला. तू रोज इथे येऊन माझी कंप्लेंट करते ना."

दोन वर्षं! रोज दोनदा-तीनदा ती स्वतःला आवरायला देवाकडे धावत होती, आणि भिंतीपलीकडे लेक समजत होती, की आपली चुगली वर चाललीय. शाळेतल्या मास्तरांपासून पोरीला सोडवून आणलं आणि घरात देवालाच छडी घेऊन उभं केलं. ज्योत्स्नाला भीती वाटली. लेकरांना त्याच्यापासून लांब लोटणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, असं प्रभू बोलला, ते तिने चर्चमध्ये कितीदा ऐकलं होतं.

ती तिथेच फरशीवर बसली, मृणालला समोर बसवलं आणि पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "प्रभू, मी इथे येते ती माझ्या रागाला घाबरून. मृणालची तक्रार मी तुझ्याकडे कधीच केली नाही. राग माझा, पापही माझं. मला क्षमा कर." मग लेकीकडे बघून म्हणाली, "बेटा, तू पण मला माफ कर." गल्लीत भाजीवाला हाका मारून निघून गेला, तरी ती हलली नाही.

मृणाल आईजवळ सरकली. मग म्हणाली, "मी बी बोलू?" उत्तराची वाट न बघता तिने डोळे मिटले आणि चर्चमधले पाळकसाहेब आजाऱ्यांच्या डोक्यावर ठेवतात तसा आपला घामट हात आईच्या डोक्यावर ठेवला.

"येशू, मम्मीला लई गुस्सा येतो. तिला ठीक कर. पण तिलाच माझी टीचर राहू दे. शाळेत मी चुकली की सगळे हसायचे. मम्मी एकदा पण हसली नाही."

ज्योत्स्नाच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं तिने चर्चमध्ये गुडघे टेकले होते, पण देव इतका हाताच्या अंतरावर असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. मान वर करायचाही धीर होईना.

"मम्मी, आमेन बोल ना," मृणाल म्हणाली.

ज्योत्स्ना आमेन म्हणाली, आणि सोमवारी फॉर्म घेऊन कुठेही गेली नाही.