दादाची छाती आणि सुकलालचे हात

मी चपलेसाठी पळालो नसतो, तर दादा वाचला असता का?

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "तुम्ही लोकांनी खूप केलं." वहिनीला विचारलं, तिने चहाचा कप पुढे केला. टोळीत विचारलं, सगळे घड उचलायला निघून गेले.

आमची टोळी केळी भरणाऱ्यांची. प्रकाशा गावापासून म्हसावदपर्यंत ज्याची बाग कापणीला आली, त्याच्या शेतात आम्ही. गाडी भरेपर्यंत बोलायला दम नसतो. भरली की बांधावर टेकतो, आणि किस्से तिथेच साचतात. एकाने सांगितलेला दुसरा दुरुस्त करतो, तिसरा त्यात पदरचं घालतो. हल्ली मात्र बसणं कमी झालंय. कोणी नुसता ढेकर दिला तरी सगळ्यांचे हात थांबतात!

*

भटूआप्पा आमच्यात सगळ्यात वयस्कर. मागच्या उन्हाळ्यात खांद्यावर घड असतानाच आडवा झाला. डोळे पांढरे.

"चप्पल हुंगाडा!" कोणीतरी ओरडलं. काम करताना आम्ही चपला बांधावर काढतो. मी पळत जाऊन माझी आणली. वर्षभर चिखलात मुरलेली. नाकाला लावताच आप्पा शिंकला, उठून बसला आणि म्हणाला, "जेनी ही चप्पल शे ना, त्याले पहिले दवाखानामा लई जा!"

तेव्हापासून माझी चप्पल टोळीचं औषध झाली. कोणाला जांभई आली तरी, "धाकल्या, आण रे!" मलाही तोरा चढला होता.

*

मग गावातल्या सिस्टर बागेत आल्या. माणूस पडला, श्वास घेत नसेल, तर छाती कशी दाबायची ते शिकवायला. त्यांनी बारदानात केळीची पानं कोंबली आणि म्हणाल्या, "हा पेशंट. जोरात दाबा, भरभर, मोठ्याने मोजत."

गाडी भरताना घडांची मोजणी दादाची, माझ्या थोरल्या भावाची, असायची. तोच पहिला बसला. "लाभ, दोन, तीन, चार..."

"अहो, एकपासून मोजा!"

"ताई, आमच्यात पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. एक म्हटलं तर बिचारा एकटा पडतो!"

सिस्टरही हसल्या. सगळ्यांनी दाबून पाहिलं. सुकलाल धडगावकडचा, डोंगरातला. दिवसभरात चार शब्द बोलेल तर शपथ. त्याने इतकं दाबलं की बारदान फाटलं. आप्पा म्हणाला, "हाऊ तर पेशंटले जमीनमा पुरीच टाकी!" सुकलाल लाजून गाडीमागे गेला.

*

दादाच्या छातीत त्याच महिन्यात जळजळ सुरू झाली. घड गाडीच्या मागच्या फाळक्यावर ठेवून तो मधेच छाती चोळायचा. मी म्हणालो, शहाद्याला दाखवून येऊ.

"अरे, हार्ट अटॅक शेठ लोकेस्ले येस. आपले अ‍ॅसिडिटी!"

पूर्ण टोळी हसली. मी सगळ्यात जास्त.

*

आणि एका सकाळी, निम्मी गाडी भरलेली, दादा सत्तावीस म्हणाला आणि अठ्ठावीस म्हणालाच नाही. फाळक्याशी पडला. तोंड वासलेलं, घशातून एक घोगरा आवाज, मग तोही बंद.

मी काय केलं? मी बांधाकडे पळालो!

बांध बागेच्या पार दुसऱ्या टोकाला. जाताना एकदा पडलो, येताना दोनदा. मी पोचेपर्यंत दादाला कोणी हात लावला नव्हता. सगळे उभे राहून चपलेची वाट बघत होते. मी ती नाकाला लावली. काही नाही. पुन्हा लावली. दादाचे ओठ निळे पडत होते.

सुकलालने मला ढकलून दिलं. गुडघ्यावर बसला, दोन्ही तळवे दादाच्या छातीवर ठेवले. "लाभ, दोन, तीन, चार..."

कट्ट!

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी सुकलालच्या पाठीत बुक्क्या घातल्या. "सोड! मारी टाकं तू त्याले! मारी टाकं!" तो रडत होता, पण हात थांबले नाहीत.

*

आप्पाने १०८ लावला. तिकडून मॅडम म्हणाल्या, "जवळची काही खूण सांगा."

आप्पा चहूकडे बघून म्हणाला, "केळी!"

या भागात चारी बाजूंना तेच. आता हे सांगताना आप्पा स्वतःच हसतो. शेवटी त्याने मालकाचं नाव सांगितलं. वाटेत आमचाच ट्रक आडवा होता. ड्रायव्हरने तो एका दमात उलटा रस्त्यापर्यंत नेला, आणि अ‍ॅम्ब्युलन्स आत आली. डॉक्टरने दादाला शॉक दिला. दुसऱ्या शॉकला नाडी लागली. डॉक्टरने विचारलं, "दाबत कोण होतं?"

मागे वळून पाहिलं, तर सुकलाल नव्हता.

*

दवाखान्यात दादा चौथ्या दिवशी बोलला. मी कान जवळ नेला.

"मन्ह्या बरगड्या कोनी मोड्यात रे?"

"सुकलालनी."

"बलाव त्याले."

"कसाले?"

"माले त्याना हात पाहाना शेतस."

सुकलालचा फोन बंद होता. मी म्हणालो, "उद्या लई येस." दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचं हृदय पुन्हा थांबलं. या वेळी सगळं हाताशी होतं, मशीन, डॉक्टर, इंजेक्शनं. चप्पल आणायला कोणी पळालं नाही. तरीही नाही.

*

दादाला घरी आणलं आणि मी धडगावकडे जायला मोटरसायकल काढली. मागून काका ओरडले, "भाऊ आडा पडेल शे, तू कोठे चालना?"

सुकलाल त्याच्या घरामागे लाकडं फोडत होता. मला बघताच कुऱ्हाड टाकून झाडीत शिरला. आतून ओरडला, "मी नाही मारलं! पोलिसाला सांग, मी नाही मारलं!"

मी गाडी वळवून सुरू केली आणि टाकीला चिकटून, पुढे सरकून बसलो. तसाच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने मागची सीट दबली.

आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. चुलत्यांनी खांदा द्यायच्या तीन जागा धरल्या होत्या. पुढची उजवीकडची माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. मी सुकलालला हाताला धरून तिथे उभं केलं.

काका म्हणाले, "आरे, सख्खा भाऊ तू शेस ना?"

मी बांबू उचलला आणि सुकलालच्या खांद्यावर ठेवला.