एकाच घोट्यावरचा डाग

"टोचलेलं कळतंय का?"

"न्हाई," प्रज्ञा म्हणाली. शेजारी बसलेल्या तिच्या आईने लगेच डोळ्यांना पदर लावला.

मी त्वचारोगाची डॉक्टर. अंबाजोगाईत माझं क्लिनिक आहे. प्रज्ञाच्या डाव्या पायाच्या बाहेरच्या घोट्यावर काळा, जाड डाग होता. मधोमध पिन टोचली तरी तिला कळत नव्हती. डागाभोवतीची कातडी मात्र लालभडक, फोड आलेली होती आणि तिथे ती हात लावू देत नव्हती. एकाच घोट्यावर बधिरपणा आणि आग, दोन्ही? मला काही सुधरेना.

"याला काय लावलंय?"

प्रज्ञाने आईकडे पाहिलं. मग आई म्हणाली, "बिब्बा."

"कशासाठी?"

"डाग जळून जाईल म्हणलं, म्याडम. साखरपुडा आडलाय त्याच्यापायी."

बिब्ब्याचं तेल कातडी भाजून काढतं. इथे तो चांगलाच उतला होता. लेकीच्या लग्नात आईनेच बिब्बा घातला, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण तिचा चेहरा बघून गिळलं. झालं होतं असं की पाहण्याच्या कार्यक्रमात प्रज्ञा सतरंजीवर बसली, तेव्हा मुलाच्या आईला तो डाग दिसला. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाकरवी निरोप आला, 'आधी कातडीच्या डॉक्टरला दाखवा, मग पुढचं बोलू.' कुणी रोगाचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती.

"त्योच रोग हाय का?" आईने विचारलं.

"कुष्ठरोग असला तरी गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. लग्नालाही आडकाठी नाही."

हे मी मनापासून सांगते. समोरच्याला त्यातला 'असला' एवढाच शब्द ऐकू येतो.

आधी बिब्ब्याची जखम भरायला औषध दिलं. त्या पुन्हा आल्या तेव्हा खालचा खरा डाग दिसला. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा फिकट किंवा लालसर असतो, त्यावरची संवेदना जाते, जवळची नस जाड लागते. इथे नस ठीक होती. कापसाचा बोळा डागाच्या कडेला टेकवला की प्रज्ञा डोळे मिटून बरोबर जागा दाखवत होती. मधली कातडीच इतकी जाड होती की पिन आत पोचतच नव्हती. म्हणजे हा साधा घट्टा होता. खुरपं धरून तळहाताला पडतो ना, तसाच.

पण घट्टा घासल्याशिवाय पडत नाही. घोटा कशावर घासत होता? आणि डावाच का?

"घरी कशी बसतेस?"

"मांडी घालून. सगळे बसतात तशी."

मांडीने पडला असता तर थोडाफार दोन्हीकडे पडला असता. उजवा घोटा तर लख्ख होता. मी तिला खाली फरशीवर बसायला सांगितलं. ती बसली, अगदी पाहुण्यांसमोर बसल्यासारखी, पाठ ताठ, पदराच्या जागी ओढणी सावरून. असं घरी कोण बसतं? मी तिला पॅड आणि पेन दिलं. म्हटलं, "आतापर्यंत काय काय लावलंस ते लिही." आणि मुद्दाम दुसऱ्या पेशंटची फाइल चाळत बसले.

दोन ओळी झाल्या असतील. उजवा गुडघा वर आला. पॅड गुडघ्यावर गेलं. डावा पाय मुडपून आडवा पडला आणि सगळा भार त्या बाजूला कलला.

"हलू नकोस!" मी ओरडलेच. ती घाबरून गेली. मी खुर्ची सोडून तिच्याशेजारी फरशीवर बसले. डावा घोटा बरोबर डागावरच फरशीला टेकला होता.

आईच्या लक्षात आलं. "भरतीचा आब्यास करती ना. दिसभर आशीच बसती शहाबादीवर. लई डाव म्हणलं, नीट बस."

मला इतका आनंद झाला की मी विनाकारण चहा मागवला. उपाय साधा होता, जाड सतरंजीची घडी करून त्यावर बसायचं, कातडी मऊ करायचं मलम लावायचं, ब्लेडने खरवडायचं नाही. बास.

"हे त्यांना तुमीच सांगाल का?" प्रज्ञाने विचारलं. "आमच्यावर इश्वास बसायचा न्हाई."

तिच्या परवानगीने मी मुलाकडच्यांना बोलावलं. चकलांब्याहून मुलगा आणि त्याची आई, सुमनबाई, आले. मी सगळं समजावलं. मुलगा हसून म्हणाला, "झालं ना आई समाधान?"

सुमनबाई हसल्या नाहीत. "तू गाडी सावलीत लाव जा," त्या त्याला म्हणाल्या. तो गेला तसं त्यांनी दार लोटलं आणि लुगडं घोट्याच्या वर घेतलं. डाव्या घोट्यावर तसाच डाग होता. जुना, प्रज्ञाच्यापेक्षा जाड, भेगाळलेला.

"पोरीचा पाय बगितला अन् माजी झोप उडाली," त्या म्हणाल्या. "तिला त्यो रोग आसंल तर मग मलाबी हाय."

मी पाय हातात घेतला. बारकाईने तपासला. नस, कडा, बोळा, सगळं ठीक.

"भाकरी करताना कशा बसता?"

त्यांनी तिथेच बसून दाखवलं. डावा पाय मुडपलेला, उजवा गुडघा उभा.

"घट्टाच आहे, सुमनबाई. घाबरू नका."

त्यांनी डोळे पुसले. मला मात्र राग आला. "मग त्या लेकराला कशाला ताप दिलात? स्वतःच दाखवायला यायचं ना!"

त्या लुगडं सारखं करत म्हणाल्या, "म्याडम, माज्या पायासाठी मला आंबाजोगाईला कोन आनलं आसतं?"

प्रज्ञाला दिलेलंच मलम मी त्यांनाही लिहून दिलं.

साखरपुडा झाला. मी मात्र 'कसं बसता' हे विचारणं सोडलं, आता बसवूनच बघते. आणि पेशंटबरोबर आलेल्या बाईलाही सांगते, आलाच आहात तर तुमचेही पाय दाखवा.