पेंटरकाकांची उलटी प्रदक्षिणा

पेंटरकाका देवळाला निघालेत ते देवाशी भांडायला, असं काकूंनी अख्ख्या बसला सांगून टाकलं होतं. खोटं नव्हतंच ते. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेलेला माणूस, आणि वर्षभरापासून हाताला कंप. सरळ रेघ ओढावी तर तिला पाय फुटायचे. घरी भिंतीला टेकवलेली शाळेच्या नावाची पाटी एका अक्षराच्या मध्यावरच अडली होती. पुढचं सगळं नुसतं पेन्सिलीत.

"आतला रंग मी भरते की. जन्मभर कालवून कोणी दिला?" काकू म्हणायच्या.

काकांचा हेका एकच. आपल्या पाटीला दुसरा हात लागायचा नाही. देवानं हात बरा केला तर ठीक, नाहीतर ब्रश माळ्यावर.

देऊळ इतकं जुनं, की कोणी बांधलं हे सांगणारंही कोणी उरलं नव्हतं. आत पाऊल टाकलं आणि काकांचं भांडण कुठल्या कुठं गेलं. अख्ख्या देवळाला कमरपट्ट्यासारखी एकच दगडी वेल गुंडाळलेली. काकांनी तिच्यावर बोट ठेवलं. पानापानाची शीर दगडातून उठलेली, वळणावर असा झोक, की जिवंत वेलीनंही बघून शिकावं. ही सुरू कुठून झाली, म्हणून बोट न उचलता ते चालू लागले, ते नेमके उलटे. समोरून प्रदक्षिणेची सगळी रांग अंगावर.

"आजोबा, देव त्या बाजूला आहे," कोणीतरी म्हणालं.

"अहो, उलटे फेरे घालताय. लोक हसतायत," काकू सदरा धरून मागं ओढत होत्या.

"हसू दे. मुळाशी चाललोय मी."

मागच्या भिंतीशी बोट थबकलं. काकांनी ते पुढं नेलं, मागं आणलं, पुन्हा पुढं नेलं.

"अगं, इथं हात बदललाय. अर्धं पान एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. याची छिन्नी खोल जाते, त्याची वरवर."

काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. "मला तर एकच पान दिसतंय."

काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. पहिला कारागीर गेला असेल, नाहीतर त्याचेही हात थकले असतील. वेल मात्र थांबली नव्हती. किती पिढ्या इथून हात जोडून गेल्या, कोणाला सांधा दिसला नव्हता.

गाभाऱ्यात ते नुसते उभे राहिले. जोडलेले हात थरथरतच होते.

"मागितलंत ना?" बाहेर येताना काकूंनी विचारलं.

"राहिलंच बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पाटी उजेडाकडे वळवली आणि ब्रश काकूंपुढं धरला.

"या अर्ध्या अक्षरापासून?" काकू चपापल्या. "नवीन अक्षरापासून धरते ना. बिघडलं तर?"

"इथूनच धर. बिघडलं तर पोरं हसतील. काल माझ्यावर अख्खी रांग हसली."

काकूंनी ब्रश टेकवला. काका दोन पावलं मागं सरून बघत राहिले, देवळात बघत होते तसेच, श्वास रोखून.